घोडीच्या पान्ह्याचा प्रश्न

मी उल्झानच्या कानातला इअरफोन बोलतोय. हरभऱ्याएवढा आहे. हळू बोलायची तर माझी सवयच, पण आज आवाज खाली गेलाय तो शरमेनं.

किरगिझस्तानात, बिश्केकच्या बाजारात उल्झाननं मला घेतलं, तेव्हा ती जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुस्तकं सगळी रशियनमध्ये, आणि ती नारीनकडच्या डोंगरातली, किरगिझ बोलणारी. मोबाइलमधला एआय तिला धडे किरगिझमध्ये उलगडून द्यायचा आणि मी ते तिच्या कानात सांगायचो. "थांब, हे पटत नाही," म्हणून ती वाद घालायची. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा. हळूहळू वाद बंद झाले, मग पुस्तकंही मिटली. ती नुसती विचारायची आणि उतरवून काढायची. मी गप्प राहिलो. सांगितलेलं पुढे सांगायचं, एवढंच मला येतं.

मग तोंडी परीक्षा आली. पास झाली तर उन्हाळ्यात तेमिरबेक अगायांबरोबर, म्हणजे तिच्या सरांबरोबर, कुरणांवर जनावरं तपासायला जायला मिळणार होतं. त्यासाठीच तर ती गाव सोडून आली होती. मला केसांखाली दडवून ती आत गेली. प्रश्न ऐकायला मोबाइल खिशात होताच.

तिनं टेबलावरची चिठ्ठी उचलून वाचली. "घोडी पान्हा चोरते. काय कराल?"

अगाय हसले. "नशीब काढलंस पोरी. तुमच्याकडे घोड्या आहेत ना?"

"आहेत, अगाय."

तिनं तोंड उघडलं आणि थांबली. माझी वाट बघत थांबली. रेंज नव्हती, त्यामुळे मी मुका. मग रेंज आली आणि मी घडाघडा सुरू झालो. अमुक संप्रेरकाचं इंजेक्शन, तमुक मात्रा. तिनं तेच शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं.

अगायांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुझी आई सुई घेऊनच धार काढायला बसते म्हण की." मागची पोरं फिसकन हसली. "सप्टेंबरात परत ये, उल्झान."

फाटकाशी आई कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, बाटली घेऊन उभी होती. "काय विचारलं गं?"

उल्झान खाली बघत फाटकाबाहेर पडली.

"अगं, काय विचारलं?"

"घोडी पान्हा चोरते, तर काय करायचं."

"एवढंच? आधी शिंगरू लावायचं. एवढीशी होतीस तेव्हा तूच त्याला ओढत आणायचीस की." आई तिच्याकडे बघत राहिली. "कानाला काय झालंय तुझ्या? किती वेळा विचारायचं?"

उल्झाननं मला उपटून काढलं. तेव्हापासून मी तिच्या कोटाच्या खिशात पडून आहे.

उल्झान, धडा कळला नाही तर ये, पूर्वीसारखी भांड माझ्याशी. पण तुला ठाऊक असलेलं मला विचारू नकोस. त्या दिवशी रेंज नव्हती, तेव्हा 'शिंगरू' म्हणायला तुझा जबडा हललेला मला कानात जाणवला होता. आणि नेमका तेवढ्यात मी बोललो.