थंड पाण्याची उकळी

परसदारच्या खड्ड्यात पाणी रटरट उकळत होतं, आणि बोट बुडवलं तर गारढोण! शहाणपण गुंडाळून ठेवायला माणसांना एवढं निमित्त पुष्कळ होतं. निम्मी वसाहत कुंपणावर लोंबकळली होती.

"वास येतोय?" सळईबाबांनी विचारलं.

"कुजक्या अंड्यांचा," एक चिमुरडी म्हणाली. आईने तिला चिमटा काढला.

"बरोबर बोललीस, बाळ! जमिनीच्या पोटातला शंभर वर्षांचा दोष बाहेर पडतोय. त्याला काय अत्तराचा वास येणार?"

लोकांना ते तत्काळ पटलं.

बाबांच्या मुठींत तांब्याच्या दोन सळया होत्या. एकमेकींवर आल्या की खाली दोष, सरळ राहिल्या की जमीन निर्मळ. शेजारी त्यांना बोलावून आणणारा घरांचा दलाल हात जोडून उभा. इतका श्रद्धाळू दलाल मामांनी जन्मात पाहिला नव्हता.

भाची विकत घेणार होती ते हेच घर; मामा ते बघायला आले होते. तिला सातवा महिना लागलेला, आणि खरेदीच्या सह्या उद्यावर आलेल्या. मामांनी तीस वर्षं गॅसच्या भूमिगत वाहिनीवर पायी गस्त घातली होती. ते निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या पायांना कुणी दिली नव्हती. कुठेही गेले तरी नजर वाहिनीच्या खुणेचे पिवळे खांब शोधायची. एका खांबापाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे, हा गस्तीचा नियम. आज येताना एक नाक्यावर दिसला, दुसरा थेट माळापलीकडे. मधला नव्हताच.

तो आता सापडला. फाटकाशी घराच्या नावाची पाटी ज्या खांबावर ठोकली होती, त्याच्या ताज्या पांढऱ्या रंगाखालून पिवळा डोकावत होता. खड्ड्याभोवतीचं गवतही करपलेलं. मामा खड्ड्याकडे सरकले.

"आता शेवटची शुद्धी," बाबा म्हणाले. "मशाल!"

दलालाने काडेपेटी काढली. मामांनी झडप घालून ती हिसकावली.

"कुणी काही पेटवायचं नाही! दिव्याच्या बटणाला हात नको, गाडी सुरू करू नका. वारा जिकडून येतोय तिकडे चला, लांब!"

"मामा, चारचौघांत शोभा काय करताय?" भाची पुटपुटली.

"माझी होऊ दे शोभा. तू आधी चल."

माळावर पोचल्यावरच मामांनी फोन लावला. खांबांवरचा तातडीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.

"अश्रद्धेने सळया कोपल्यात," बाबा गुरगुरले.

मामांनी त्यांच्याकडून सळया काढून चिमुरडीच्या हाती दिल्या. "मुठी जरा आत कलव."

सळया एकमेकींवर आल्या.

"आता बाहेर."

सुटल्या.

"अरेच्चा, पोरीलाही सिद्धी!" मामा म्हणाले. लोक हसले. दलाल हसला नाही.

कंपनीची माणसं आली, त्यांनी वाहिनी बंद केली आणि खणलं. कुंपणाचा पाया खणताना यंत्राच्या दातांनी पाइप फाडला होता. तिथून निसटणाऱ्या गॅसचे बुडबुडे म्हणजे बाबांची उकळी. खांब दिसला तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून दलालाने तो आधीच उपटून, पांढरा रंगवून फाटकाशी पाटीसाठी रोवला होता.

"या गॅसला स्वतःचा वास नसतो," मामा म्हणाले. "माणसं पळावीत म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आणि तुम्ही दर्शनाला जमलात."

चिमुरडीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. "कालपासून आमच्या स्वयंपाकघरातही येतोय तो वास. बाबांनी तिथे दिवा लावायला सांगितला होता."

"लावलात?"

"सकाळीच. सासूबाई घरात झोपल्यात."

कंपनीचा इंजिनिअर केव्हाच धावत सुटला होता. फार वेळाने तो खोकणाऱ्या म्हातारीला उचलून बाहेर आला. दिवा विझलेला होता.

"कृपा झाली!" कुणीतरी हात जोडले.

"तेल संपलं होतं," इंजिनिअर धापा टाकत म्हणाला.

भाची मामांचा हात सोडेना. "म्हणजे पाइपजवळ घर घ्यायचंच नाही?"

"घ्यावं की. पण आधी कंपनीकडून नकाशा आणायचा. पाइप कुठून जातो, किती लांब आहे, त्याच्यावरचा जमिनीचा पट्टा मोकळा सोडलाय का, हे लेखी विचारायचं. स्वतः चालत जाऊन खांब मोजायचे. आणि जो म्हणेल 'कागद कशाला, विश्वास ठेवा', त्याच्याकडून घर घ्यायचं नाही."