दोष इंजिनाचा नाही

लवू नाटेकर चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर ते पूर्णगडचं घर भावाकडे सोपवून रत्नागिरीत, नाचणे रोडला मुलीकडे राहायला आले. सोबत दोन पेट्या आणि एक इंजिन. मॉडेल रेल्वेचं, वीतभर लांब, काळंभोर, वाफेवरच्या खऱ्या इंजिनासारखं, मागे कोळशाचा डबा जोडलेला. सत्त्याऐंशी साली जहाज नऊ दिवस हॅम्बुर्गला अडकलं होतं, तेव्हा घेतलेलं. घरी ते चार फूट रुळावर पुढे-मागे धावायचं, एवढंच.

शहरात मॉडेल रेल्वेवाल्यांचं एक मंडळ आहे असं कळलं, तेव्हा लवूकाका इस्त्रीचा शर्ट घालून तिथे गेले. मंडळाचे प्रमुख गुरुप्रसाद सर एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. त्यांचा रेल्वेमार्ग हॉलभर पसरलेला आणि डिजिटल होता. रुळांत वीज कायम खेळती, आणि त्याच विजेतून हुकूम जायचे. प्रत्येक इंजिनात नखाएवढा डिकोडर असायचा. आपल्या नावाचा हुकूम आला की तो मोटरला हवी तेवढी वीज द्यायचा. लवूकाकांच्या इंजिनात डिकोडर नव्हता, म्हणून सरांनी स्वतःच्या हाताने तो बसवला.

इंजिन रुळावर ठेवलं. हातभर गेलं, बॉयलरमधून धूर निघाला आणि सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

"काका, हे भंगार आहे हो," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "शोकेसमध्ये ठेवा. असल्या जुन्या मोटरी डिकोडरला चालत नाहीत."

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: सदस्यांनी जुनी व सदोष इंजिने आणू नयेत.

लवूकाकांनी इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि मंडळात जाणं बंद केलं.

त्यांची मुलगी तेजस्वी जयगडच्या बंदरात क्रेनच्या इलेक्ट्रिकल देखभालीवर होती. तिला हे आठवड्याने कळलं. रविवारी दुपारी तिने स्टूल लावलं आणि इंजिन खाली काढलं.

"राहू दे गो तेजू," काका म्हणाले.

"का राहू दे? डिकोडर जळला म्हणजे नको तिथून वीज गेली. कुठून गेली ते न बघताच इंजिन भंगार? बंदरात मी असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"ते सर हायत."

"असू देत."

तिने चार स्क्रू काढून वरचं कवच उचललं. मल्टीमीटरची एक पिन चाकाला लावली, दुसरी मोटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशला. मीटर पिपाणीसारखा वाजला, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले.

काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते उठून बसले. "परत लाव."

परत वाजला.

"सांगाडा," काका म्हणाले. ते तिच्या शेजारी येऊन उभेच राहिले. "मोटरचा एक ब्रश सांगाड्याला टेकलाय. आणि सांगाडा रुळाला."

जुन्या इंजिनांची बांधणीच तशी असायची. एक तार वाचवायला धातूचा सांगाडाच तार म्हणून वापरायचे. साध्या ट्रान्सफॉर्मरवर त्याने काही बिघडत नाही. पण मधे डिकोडर आला की मोटर रुळांपासून पूर्ण तोडावी लागते. नाहीतर रुळांतली वीज सांगाड्यातून थेट डिकोडरच्या पाठीत शिरते. सरांनी मोटर अशी तोडलीच नव्हती.

"जहाजावर पयला धडा हाच," काका म्हणाले. "बॉडीला वायर लागलीय काय, आधी बघा. मीच नाय बघितलं. सर म्हणाले म्हणून गप बसलो." त्यांचा आवाज चढला होता.

तेजस्वीने मोटरला बारा व्होल्ट दिले आणि चाक बोटाने दाबून थांबवलं. मीटरवर एक पॉइंट चार अँपिअर आले. जळालेल्या डिकोडरवर जास्तीत जास्त एक अँपिअर लिहिलेलं होतं.

"म्हणजे तो तसाही टिकला नसता," ती म्हणाली. "इंजिन चढावर अडलं असतं की संपला."

दोन अँपिअरचा डिकोडर मागवला. तो आकाराने मोठा, बॉयलरमध्ये मावेना. काकांनी तो कोळशाच्या डब्यात बसवायचं ठरवलं, आणि डब्यातून इंजिनाकडे बारीक, लवचिक तारा न्यायच्या. मोटर सांगाड्याला धरणाऱ्या धातूच्या स्क्रूच्या जागी तेजस्वीने नायलॉनचा घातला, ब्रशखाली पिवळ्या टेपचे दोन थर दिले. मोतीबिंदूमुळे काकांना बारीक सोल्डरिंग दिसत नव्हतं, पण वासावरून कळत होतं. "सोल्डरची टीप थंड हाय," ते म्हणायचे. "घाई नको. आता लाव."

डिसेंबरात मंडळाचं प्रदर्शन भरलं. काका इंजिन खोक्यात घालून निघाले, तेजस्वीने मीटर पर्समध्ये टाकला.

गुरुप्रसाद सर दारातच भेटले. "काका, या ना, बघायला या. पण ते इंजिन नको. परवानगी असलेल्या इंजिनांची यादी आहे आपली."

"यादीत का नाही?" तेजस्वीने विचारलं.

"अहो, शॉर्ट झालं तर सगळं बंद पडेल. एवढी माणसं आलीत."

"झालं होतं ते तुमच्या जोडणीमुळे. मोटर सांगाड्यापासून तोडली नव्हती तुम्ही. आणि डिकोडर एक अँपिअरचा लावलात, मोटर अडली की एक पॉइंट चार खेचते." तिने मीटर पुढे धरला. "मी सांगते म्हणून नको. तुम्हीच लावून बघा."

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. सरांनी आधी पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या. वाजला. मग इंजिनाचं कवच उघडून एक पिन चाकाला, दुसरी ब्रशला. काहीच आवाज नाही. दुसऱ्या बाजूचं चाक, दुसरा ब्रश. तरीही नाही. त्यांनी कोळशाच्या डब्यात डोकावून सोल्डरिंग बराच वेळ न्याहाळलं.

"हे कोणी केलं?"

"हात हिचे," काका म्हणाले. "अक्कल दोघांची."

"एक फेरी," सर म्हणाले. "फक्त एक."

इंजिन निघालं. जड, संथ, अंगातून बारीक घरघर. पूल ओलांडला, बोगद्यातून बाहेर आलं आणि रूळ जिथे फुटतात त्या फाट्यावर मधेच थांबलं. कोणीतरी हसलं. काकांनी वाकून एका बोटाने त्याला हलकेच ढकललं, तसं ते पुढे चालू लागलं.

"काका, हात लावायचा नाही. नियम आहे."

"जुन्या इंजिनाला फाट्यावर वीज कमी मिळते, सर. बोट लागायचंच. आणि सदोष लिहिलंत ना ग्रुपवर, ते आधी काढा, मग नियम सांगा."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मोबाइल काढला, आणि तेजस्वी त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. थोड्या वेळाने तिच्याकडे असलेल्या काकांच्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला: चूक माझ्या जोडणीची होती. इंजिन ठीक आहे.

"बाबा, वाचा," ती म्हणाली.

काकांचं लक्ष नव्हतं. इंजिनाची तिसरी फेरी सुरू होती आणि कंट्रोलर त्यांच्याच हातात होता. एक बाई तिच्या मुलीला उचलून बोगदा दाखवत होती, आणि काका त्या दोघींना सांगाडा म्हणजे काय ते समजावत होते.

दीड वाजता सर आले. "काका, जेवणाची सुट्टी. बंद करायचं आता."

"तुम्ही जेवून या," लवूकाका म्हणाले. "मी हाय इथं."