फिक्रिया आत्याची कबुतरं

मुलांनो, एक पाट डोळ्यांपुढे आणा. तोंडाशी गाळ साचला आहे, पाणी पुढे जाईना, म्हणून ते बाजूच्या बारक्या चरांत घुसते आहे आणि चरांचे काठ फुगून फुटायला आले आहेत. सुबही नावाच्या शेतकऱ्याच्या पोटात हेच झाले होते. लहानपणापासून नाईलच्या पाटांत गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने भात लावला. त्या पाण्यातले बारीक किडे कातडीतून आत शिरले आणि वर्षानुवर्षांनी त्याचे यकृत दगडासारखे झाले. रक्ताला वाट उरली नाही. अन्ननळीतल्या शिरा फुगल्या आणि एके सकाळी त्याला घमेलेभर रक्ताची उलटी झाली.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर लुत्फींनी तोंडातून नळी घालून त्या शिरांना चिमुकली रबरी कडी बसवली. घरी पाठवताना बजावले, "दहा दिवस दही आणि पातळ सूप. कडक काही नाही. कडं अवेळी निघालं तर शीर पुन्हा फुटेल."

सुबहीच्या मुलीने, दहा वर्षांच्या नगातने, ते पाठ करून ठेवले. पण आई नसलेल्या त्या घरात कारभार फिक्रिया आत्याचा.

चौथ्या दिवशी आत्याने दोन कबुतरं कापली, पोटात भरडलेले हिरवे गहू भरले आणि कुरकुरीत भाजली.

"आत्या, डॉक्टर नको म्हणालेत."

"गप गं, डॉक्टरीणबाई! माणसाचं अर्धं रक्त सांडलं, ते दह्यानं भरतं होय? गावातल्या निम्म्या बाळंतिणी मी कबुतरं घालून उभ्या केल्यात."

सुबही हसला. "आण बाई. नाहीतर वर्षभर ऐकवशील."

बहिणीने वाढलेले परतवणे त्याच्या जिवावर आले. हाडे चावून त्याने दोन्ही संपवली. ताट उचलायच्या आधीच त्याच्या तोंडून रक्त आले.

इस्पितळात डॉक्टरांनी घाईने विचारले, "काय खाल्लं यानं? पोट रिकामं असेल तर लगेच नळी घालतो. भरलेलं असेल तर आधी श्वासाची वाट सांभाळावी लागेल. नाहीतर गुंगीत अन्न फुप्फुसात जाईल आणि माझ्या हाती काही राहणार नाही."

आत्या जमिनीकडे बघत म्हणाली, "काही नाही, साहेब. दोन घोट दही."

तिची बोटे नगातच्या खांद्यात रुतली होती. रोज सकाळी नगातची वेणी घालणारी हीच बोटे. नगात खरे बोलली तर सारे गाव म्हणेल, बहिणीनेच भावाला मारले. बाबांचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर दाराकडे वळले.

नगातने खांदा सोडवला आणि धावत जाऊन त्यांचा कोट धरला. "दोन कबुतरं. गव्हासकट, हाडांसकट. आत्ता दुपारी."

"आधी श्वासाची नळी!" डॉक्टर आत ओरडले आणि दार बंद झाले. आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती. नगात तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. आत्याने तो झिडकारला. नगातने पुन्हा घेतला.