सासूबाईंच्या हाताखाली

"तोड आता. मुळं धरलीत तिनं," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने मधुमालतीच्या बुंध्याशेजारची माती बोटांनी बाजूला केली. थंडी ओसरताना वाकवून मातीत दाबलेल्या फांदीला पांढरी मुळं फुटली होती. तिने कात्रीने ती फांदी मूळ वेलीपासून वेगळी केली आणि कुंडीत अलगद बसवली.

"झकास! ही पण उद्याच्या टेम्पोत घाल."

"कुठला टेम्पो?"

"तुला न्यायला येणारा. मोठ्या रोपवाटिकेच्या मालकीणबाईंशी बोलले मी. कलमं करणारं माणूस हवंय त्यांना. राहायला खोली देतात."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

मुलगा दुसरीबरोबर संसार थाटून निघून गेला, तेव्हा शेजारणींना वाटलं होतं, आता सासू सुनेला घालवणार. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी सुनेच्या हाती कलमाचा चाकू दिला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या शोभेच्या वेली वाढवून विकत. बोगनवेलीची काडी पेन्सिलीएवढी जाड घ्यायची. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे चुकून उलटी लागत नाही. पावसाळ्यात कोवळी काडी कुजते, म्हणून अर्धी पिकलेली निवडायची. बहर सरला की छाटणी. थंडीत पाणी बेताने.

सुनेची पहिली अख्खी खेप काळी पडली आणि ती हुंदके देऊन रडली. "काड्याच गेल्यात ना? मग!" म्हणत सासूबाई नवी माती कालवायला बसल्या. पुढच्या पावसाळ्यात तिच्या काड्यांना पालवी फुटली, तेव्हा नातवंड झाल्यासारख्या त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

आता सून तिथेच मातीत बसली. "तुम्ही एकट्या कशा राहाल? आणि हे परत आले तर?"

"नाही यायचा तो. आणि आलाच, तर वाट बघायला मी आहे. मी आई आहे, मला सुटका नाही. तू का म्हणून?"

मुलाबद्दल इतकं त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. सुनेने मनगटाने डोळे पुसले, तशी गालाला माती लागली. सासूबाईंनी ती पुसली नाही. त्या कुंडीला पाणी घालत राहिल्या.

सकाळी टेम्पोत वेली लागल्या, एक ट्रंक चढली.

"येते, आई."

"ये. पण राहायला नाही, भेटायला ये."

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत त्या फाटकात ताठ उभ्या होत्या.

आठवड्याने एक गृहस्थ बोगनवेल न्यायला आले. "सूनबाई दिसत नाहीत? माहेरी गेल्या का?"

"नोकरीला गेली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे," सासूबाई म्हणाल्या. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

एरवी दोघी मिळून उचलायच्या ते खताचं पोतं दारात पडलं होतं. गृहस्थ उचलायला वाकले.

"राहू द्या हो."

सासूबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि त्या घमेल्याने थोडं थोडं खत आत नेऊ लागल्या.