कारभारी

खाटेवरच्या म्हाताऱ्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. शिरेतून ग्लुकोज चाललं होतं. डॉक्टर स्नेहल त्याची नाडी धरून उभी होती. शुगर नसलेल्या माणसाला शुगरची सुई दिली गेली होती.

"सुरेखामावशी, फाईलमधला पहिलाच नियम काय आहे? सुई देण्याआधी नाव विचारायचं. वाचता येत नाही का?" तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

सुरेखामावशी स्नेहलच्या वडिलांच्या, डॉक्टर अप्पांच्या वेळेपासूनच्या नर्स. त्यांनी मान खाली घातली.

"इचारलं हुतं, ताई. बाबांना भोवळ आल्याली, बोलत नव्हते. तुमीच लिव्हलंय, पेशंट बोलत नसंल तर सोबतच्याला इचारा. म्हून आजीला इचारलं. त्या म्हनल्या, कारभारी. कारभारी नावाचा कागद टेबलावर हुताच."

"आन् माजी सुई कुनाला दिली म्हनायची?" बाकावरून खऱ्या कारभारींनी विचारलं. कुणीतरी हसलं.

म्हाताऱ्याच्या पायाशी उभ्या मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मंग मी काय म्हनाया पाह्यजे हुतं, बाई? माजे कारभारीच हायेत ते. धन्याचं नाव कसं घिऊ? माजीच जीब झडली."

स्नेहलचा चेहरा उतरला.

अप्पा गेले तेव्हा दवाखान्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. कुणाला कुठलं औषध चालत नाही, वापरलेल्या सुया कशा टाकायच्या, सगळं त्यांच्या डोक्यात. पुण्याहून आलेल्या स्नेहलला त्याची लाज वाटली होती. रडण्याऐवजी ती फाईल लिहीत बसली. प्लास्टिकच्या पानांत घालून झाल्यावर आईला म्हणाली होती, "आता तरी दवाखान्यासारखा दवाखाना होईल."

आणि त्याच आठवड्यात, मृत्यूच्या दाखल्यासाठी कारकुनानं "मयताचं नाव?" विचारलं, तेव्हा आईनं नुसतं तिच्याकडे पाहिलं होतं. अप्पांचं नाव स्नेहलनंच सांगितलं होतं. हे सगळं माहीत असूनही तिनं सोबतच्याला नाव विचारायचा तो नियम लिहिला होता.

"तुमची काही चूक नाही, आजी," ती म्हणाली. मग बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, "मावशी, तुमचीही नाही. नियमच चुकीचा लिहिलाय मी."

"ऱ्हाऊ द्या, ताई," सुरेखामावशी पुटपुटल्या. पण वर पाहिलं नाही.

म्हाताऱ्याच्या बोटांची थरथर कमी झाली. स्नेहलनं पुन्हा साखर तपासली, आता ठीक होती. नोंद करायला तिनं कोरा कागद ओढला आणि सवयीनं विचारलं,

"यांचं नाव काय?"

विचारलं आणि तिनं जीभ चावली. पण मनकर्णाबाईंना वाटलं असावं, नाव सांगितल्याशिवाय माणूस वाचायचा नाही. त्या भिंतीकडे वळल्या. पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"बिभीषण," त्या म्हणाल्या.

खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. बराच वेळ तो त्या पाठमोऱ्या पदराकडे पाहत राहिला.

"अगं," तो क्षीण आवाजात म्हणाला, "उखान्याबिगरच?"

मनकर्णाबाईंचे खांदे हलले. त्या हसल्या की रडल्या, स्नेहलनं पाहिलं नाही. तिची मान वर होईना.

जरा वेळानं तिनं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर पेनानं नाव लिहिलं आणि म्हाताऱ्याच्या मनगटाला चिकटवला. "आल्याबरोबर प्रत्येकाला अशी लावायची, मावशी. कागद, कार्ड बघून. नाहीतर वस्तीवर फोन करून. बायकोला विचारायचं नाही."

मनकर्णाबाई खाटेजवळ आल्या. "काय लिव्हलंय त्याच्यावर?"

"त्यांचं नाव."

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

"मंग आता मला इचारायचं न्हाई ना कुनी?"

"नाही, आजी."

त्यांनी पट्टीची सुटलेली कड अंगठ्यानं नीट दाबून बसवली.