धुतलेला स्वेटर

"सिस्टर, हा तुमचा स्वेटर," असं म्हणून तिनं नीट घडी घातलेला स्वेटर टेबलावर ठेवला, तेव्हा मोठ्या सिस्टर बघतच राहिल्या. आजवर तो असा कधी परत आलाच नव्हता. तो भिरकावला जायचा.

मानसोपचार वॉर्डात या मुलीला सगळे तुफान म्हणत. केसपेपरवर व्यक्तिमत्त्वाचा विकार असं लिहिलेलं होतं, पण वॉर्डाच्या लेखी ती नाटकी. सकाळी "तुम्हीच माझी आई" म्हणून गळ्यात पडायची आणि दुपारी गोळ्यांना जरा उशीर झाला, की "तुमचं तोंड बघायचं नाही मला!" एका गारठलेल्या सकाळी सिस्टरांनी अंगातला स्वेटर काढून तिला दिला होता. तेव्हापासून भांडण झालं की स्वेटर टेबलावर येऊन आदळायचा आणि राग उतरला की तोंड पाडून ती तो न्यायला यायची. "मरते मी" हे तर तिचं पालुपदच. दोनदा ती खरोखरच मरता मरता वाचली होती, हे तिला हसणारे सोयीस्करपणे विसरत.

आज ती घरून नुसती तपासणीला आली होती.

"काय गं, काय बिनसलं आमच्याशी?" सिस्टरांनी चेष्टा केली.

"काही नाही हो. आता नाही लागणार मला. धुतलाय. तुटलेलं बटणही लावलंय."

मग ज्यांच्या अंगावर एकदा ताट फेकलं होतं, त्या वॉर्डातल्या मावशींची तिनं माफी मागितली. मावशी तर चाटच पडल्या.

"शहाणी झालीस गं बाई!" सिस्टर म्हणाल्या. त्यांना अगदी हायसं वाटलं.

शिकाऊ नर्सांना याच सिस्टर घसा कोरडा करून सांगत, "पेशंट एकाएकी शांत झाला, वस्तू देऊन टाकायला लागला, तर त्याच्यापाशी बसा. जीव द्यायचं मनात आहे का, सरळ विचारा. विचारल्यानं कोणी मरत नाही." पण या पोरीचा स्वेटर परत आला की ती पाठोपाठ येतेच, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की त्या दिवशी सिस्टरांनी एवढंच विचारलं, "चहा घेतेस?"

पुढच्या आठवड्यात तिची आई आली. बाकावर बसली आणि म्हणाली, "गेली हो सिस्टर."

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. आई बोलत राहिली. "सगळे कपडे वाटून टाकले तिनं. म्हणाली, कपाट आवरतेय. मला वाटलं, लेकीचा हात घराला लागला एकदाचा. मी खूश झाले हो!"

"मीही," सिस्टर म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं तिला. मला कळायला हवं होतं."

आईनं डोळे पुसले. "तो स्वेटर आहे का तुमच्याकडे? घरात तिचं अंगावरचं काहीच उरलं नाही."

पोर न्यायला येईल म्हणून सिस्टरांनी तो कपाटात अगदी वरच ठेवला होता. आईनं घडी न मोडताच त्यात तोंड खुपसलं.

"नुसता साबणाचा वास येतोय," ती म्हणाली.

बाहेर कडक ऊन होतं. तरी तिनं तो अंगात घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून घेतली.