दीड हातावरचा खुंटा

विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. जीप नाही की एसटी नाही. मुंजाबा गंगापूरहून चार कोसांची तंगडतोड करून गोदाकाठच्या उत्खननावर पोचला, तेव्हाच त्याचं अंग आंबून गेलं होतं. जन्मभर गाया राखलेला माणूस. कुरणावर कारखाने उभे राहिल्यापासून इथं रोजानं माती उकरत होता.

खड्ड्यात कडक झालेली जुनी माती उघडी पडली होती. तिच्यात दोन भोकं होती आणि भोवती खुरांचे ठसे. उत्खननाच्या प्रमुख जाहेदा मॅडम सकाळपासून तिथंच घुटमळत होत्या. हजारो वर्षांपूर्वीची ती जनावरं पाळलेली होती, की नुसती पाण्यावर आलेली रानटी, हेच त्यांना ठरवता येईना.

एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खी सकाळ घालवली, म्हणून मुंजाबाला चीडच आली. कण्हत खाली उतरून त्यानं दोन भोकांमधलं अंतर हातानं मापलं. बरोबर दीड हात.

"खुंटे होते हे, मॅडम. ह्यो गाईचा, ह्यो वासराचा. गाय आखडून बांधायची. तिला वासरू चाटता आलं पाहिजे, पण वासराचं तोंड कासेला लागाय नको. दूध माणसाला पाहिजे ना! आमची माय असंच बांधायची."

मॅडमना आनंद आवरेना. "तुमच्या गोठ्यात येऊन मोजू का, मुंजाबा? ताडून बघता येईल."

"या की," मुंजाबा हात झटकत म्हणाला. "गाया कवाच इकल्या. तिथंबी आता एवढंच सापडंल."